आंबलेली खळ

बाइंडर तसा नाकासमोर चालणारा माणूस, पण त्या नाकानेच सात वर्षं त्याच्याशी दावा मांडला होता. सकाळी उठावं तर दोन्ही नाकपुड्या चोंदलेल्या, भुवयांच्या मधोमध पाचर ठोकल्यासारखी कळ, आणि घशात सारखं काहीतरी उतरतंय. वाफा झाल्या, गोळ्या झाल्या, थेंब झाले. वास तर केव्हाच गेला होता. घरातली छत्री जशी कधी हरवली ते सांगता येत नाही, तसा गेला. "कागदाच्या धुळीत जन्म काढला, एवढं चालायचंच," म्हणत तो तोंडाने श्वास घ्यायचा आणि पुस्तकांची शिवण घालत बसायचा.

घराची पुढची खोली म्हणजेच त्याचं दुकान. लांब टेबल, कागद कापायचं यंत्र, लोखंडी प्रेस, आणि कोपऱ्यात मैद्याच्या खळीचं पातेलं. एका सकाळी तिथे वाचनालयाच्या ग्रंथपालबाई स्वतः आल्या. महिन्यापूर्वी त्यांनी जुन्या मासिकांचे चाळीस खंड बांधून नेले होते. त्यातला एक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता.

"हा जरा नाकाला लावा," बाई म्हणाल्या.

त्याने लावला. काहीच कळलं नाही. "काय झालं? शिवण सुटली का?"

"शिवण पक्की आहे हो. वास मारतोय. चाळीसच्या चाळीस. कपाट उघडलं की वाचणारे उठून जातात."

त्यांनी पुठ्ठा उघडून दाखवला. आतल्या कागदावर हिरवट बुरशी पसरली होती. ती मात्र त्याला दिसली.

"तीस वर्षांत असं कधी झालं नाही, बाई."

"ठाऊक आहे. म्हणून तर मी आले. दुसऱ्या कुणाकडे न्यायचं असतं, तर तुम्हाला सांगायलाही आले नसते."

त्या गेल्या तसा त्याचा पारा चढला. मैदा भेसळीचा, हवा दमट, वाचनालयाची कपाटं ओली, सगळ्यांचा उद्धार झाला. बायको दीड महिना मुलीच्या बाळंतपणाला गेली होती, ती कालच परत आली होती. ती आतून आली, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि पदर नाकाला लावला.

"आंबलीय. आजची नाही, चांगली चार-पाच दिवसांची."

"मोरचूद घातलंय मी त्यात. माझी खळ आठ दिवस टिकते, अख्ख्या बाजाराला माहीत आहे."

बायकोने झाकण परत ठेवलं. मग म्हणाली, "नाही टिकत. तिसऱ्या दिवशी आंबते. तुम्ही दुपारी आडवे झालात की मी ती ओतून द्यायचे आणि नवी शिजवून त्याच पातेल्यात भरून ठेवायचे."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले होते एकदा. तुम्ही पातेलं आपटलंत. म्हणालात, मला माझा धंदा शिकवू नकोस. मग म्हटलं, कशाला रोज डोक्याला ताप? मैदा ढवळायला काय, हात मलाही आहेत."

बाइंडर स्टूल ओढून बसला. राग आला होता, पण तो काढायचा कुणावर? आठ दिवसांच्या खळीची फुशारकी त्याने दुसऱ्या बाइंडरांपुढे कितीदा मारली होती, ते आठवून कानशिलं तापली.

"उद्या दवाखान्यात जायचं," बायको म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

एवढी वर्षं तो दवाखाना टाळत होता, त्याला कारण होतं. त्याच्या वडिलांचं सायनसचं ऑपरेशन झालं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. वरच्या ओठाच्या आतून कापलं होतं. चेहरा भोपळ्याएवढा सुजला होता, आणि तिसऱ्या दिवशी नाकातून कापडी पट्टी काढली, ती संपता संपेना. वडील गुरासारखे ओरडले होते. ते ओरडणं त्याच्या कानातून अजून गेलं नव्हतं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी ही सगळी हकीकत मध्ये न बोलता ऐकून घेतली. मग पेन्सिलीपेक्षा बारीक दुर्बीण त्याच्या नाकात सरकवली आणि समोरचा पडदा त्याच्याकडे वळवला. गुलाबी भिंतींमधून वाट जात होती आणि पुढे सोललेल्या द्राक्षांसारखे गोळे दाटीवाटीने लोंबत होते.

"हे काय?"

"कोंब. यांना पॉलिप म्हणतात. कॅन्सरसारखे दिसत नाहीत, तरी काढल्यावर तपासायला पाठवू. कपाळात आणि गालांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांची तोंडं यांनी बुजवलीत. स्कॅन काढू. महिनाभर औषध आणि फवारा देते, तेवढ्याने भागलं तर उत्तमच."

"आणि नाही भागलं तर कापणार?"

"चेहऱ्यावर कुठेच नाही. याच वाटेने, याच दुर्बिणीतून. कोंब काढायचे, बुजलेली तोंडं रुंद करायची. तुम्ही झोपेत असाल. पट्टीऐवजी आपोआप विरघळणारं मऊ पॅकिंग ठेवते. दुसऱ्या दिवशी घरी."

"वास येईल परत?"

"येईल असं वचन देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "श्वास मोकळा होईल, दुखणं कमी होईल. वास बहुतेकांना थोडाफार येतो, काहींना येत नाही."

या सरळ उत्तराने त्याला धीर आला. नक्की येईल म्हणाल्या असत्या, तर तो उठून घरी गेला असता.

औषधाने थोडं हलकं वाटलं, पण महिन्यानंतरच्या स्कॅनमध्ये पोकळ्या भरलेल्याच होत्या. शेवटी ऑपरेशनचा दिवस ठरला. सुई टोचताना त्याला आकडे मोजायला सांगितले. सहापर्यंत मोजल्याचं आठवत होतं. जाग आली तेव्हा दोन तास उलटले होते, घसा कोरडा पडला होता आणि बायको उशाशी वर्तमानपत्र वाचत बसली होती.

"आरशात बघू?" त्याने विचारलं.

"बघा की. होतात तसेच आहात. त्यात काही सुधारणा नाही."

पुढचे दहा दिवस मात्र त्याच्या नाकी नऊ आले. नाक शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही, वाकायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची, आणि ती अशी दणदणीत यायची की समोरचा शेजारी खिडकीत येऊन बघायचा. दिवसातून तीनदा बेसिनवर वाकून मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, तेवढीच काय ती वाकायची परवानगी. आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आतल्या खपल्या काढल्या. डोळ्यांतून पाणी आलं, पण ओरडावं असं काही झालं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तोंड मिटलेलं आहे आणि तरी श्वास चाललाय, हे ध्यानात येऊन तो मध्येच थांबला. मागचा माणूस त्याच्यावर आदळला.

तिसऱ्या आठवड्यात, तोंडाला मास्क बांधून, त्याने वाचनालयातून परत मागवलेले ते चाळीस खंड उसवायला घेतले. खळ बायकोने सर्वांसमक्ष, भर सकाळी शिजवली. ग्रंथपालबाई पहिले दहा खंड न्यायला आल्या, तेव्हा तो म्हणाला, "खळ हिची आहे. आधीही हिचीच होती. ती इथे नव्हती तेव्हाचं काम तुम्ही परत आणलंत."

बाईंनी पुस्तक नाकाशी धरलं. "मग यांना इथून हलू देऊ नका," त्या म्हणाल्या. बायको लाजली नाही. तिने फक्त मान डोलावली.

वास आला तो अचानक. चामड्याच्या तुकड्यांचा खण उघडला आणि काहीतरी कुबट, तेलकट नाकात घुसलं. तो ओरडलाच, "अगं, लवकर ये! इथे घाण वास येतोय!"

"तो सात वर्षं येतोय," आतून उत्तर आलं.

सहा महिन्यांनी तपासणीला गेला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगून तीन बाटल्या एकेक करून नाकाखाली धरल्या. पहिलीत कॉफी, ती त्याने झटक्यात ओळखली. दुसरीला जरा वेळ लागला. साबण. तिसरीला त्याने दोनदा, तीनदा हुंगलं. कपाळाला घाम फुटला.

"नाही येत, मॅडम," तो पडेल आवाजात म्हणाला.

"बरोबर. ती रिकामी आहे. नुसतं हो म्हणता की काय, ते बघायचं होतं." त्या कागदावर लिहीत म्हणाल्या, "कोंब पुन्हा येऊ शकतात. फवारा आणि नाक धुणं सोडू नका. सहा महिन्यांनी या."

बाहेर बाकावर बसलेल्या बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"तिन्ही बरोबर आले," बाइंडर म्हणाला, आणि पुढच्या तारखेची चिठ्ठी तिच्याकडे देऊन जिना उतरू लागला.