पपांची ताडी

एनुगू शहरातल्या कॉलेजातून सुट्टीला गावी आलेल्या उरेन्नाने त्याही सकाळी पपांच्या हातातला ताडीचा पेला काढून घेतला.

“अगं, डोळ्यांना चांगली असते,” पपा म्हणाले.

“डोळ्यांना असेल. तुमच्या साखरेला नाही.”

“मग संध्याकाळी घेतो. तोवर आंबून गोडवा जातो.”

“आणि यकृताचं काय?”

“सकाळी साखर, संध्याकाळी यकृत. दुपारी कोणता अवयव मोकळा असतो, तेवढं तुझ्या पुस्तकात बघून सांग.”

ती हसली नाही. ताडीचे फायदे तिने वाचले होते, तोटेही वाचले होते. तिला पपा अजून पुष्कळ वर्षं हवे होते.

त्याच रात्री झोपेत त्यांचं हृदय थांबलं. साखर मात्र अगदी आटोक्यात होती, असं डॉक्टरांनी कौतुकाने सांगितलं.

अंत्यविधीला रीतीप्रमाणे ताडीचे कॅन आले. पपांच्या संयमाची तारीफ करत गाव पोटभर प्यायलं. मग ओनुओराकाकांनी भरलेला पेला तिच्यापुढे धरला.

“खरं तर गेलेल्याला ताडी वाहणं हे पुरुषांचं काम. पण काढून घ्यायला तूच असायचीस, तर द्यायलाही तूच ये.”

ती कबरीपाशी वाकली आणि मातीवर सावकाश ताडी ओतू लागली.

“घ्या, पपा,” ती मोठ्याने म्हणाली. “हवी तेवढी घ्या.”