मार्चचा रकाना

"आठ होतात रं बाला. मी तीनदा मोजलंय."

सत्यवतीने मोबाइल खांद्याने कानाशी दाबून धरला होता आणि बोट भिंतीवरच्या कागदावर ठेवलं होतं. कागद म्हणजे गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठ. तिच्या नवऱ्याने, गुरुदत्तने, त्यावर पट्टीने रेघा मारून आशियाई कपाच्या पात्रता फेरीतला भारताचा गट मांडला होता. भारत, बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर असे चार संघ, प्रत्येकाचे सहा सामने, आणि चौघांतला एकच पुढे जाणार.

"आपले दोन पॉइंट हायत. सामने ऱ्हायले दोन, त्याचे सहा. झाले का नाय आठ? वरच्या दोगांचे, हाँगकाँग-सिंगापूरचे, पन आठच हायत. मंग टीव्हीवाले आपल्याला महिनाभर बाहेर कशाला बसवतात?"

पलीकडे सिंगापुरात प्रणित हसला. मागे बरीच माणसं बोलत होती, कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"आई, त्या दोघांची आज एकमेकांशीच मॅच आहे. आत्ता सुरू होईल."

"मंग?"

"मग एक कुणीतरी जिंकेल ना. त्याचे अकरा होतील. ड्रॉ झाली तर दोघांचे नऊ-नऊ. आपण काहीही केलं तरी आठच्या वर जात नाही."

हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ती आपली एकेका संघाची ओळ धरून आडवी मोजत बसली होती.

"दोगं बी हरतील, असं नाय का व्हत?"

"नाही होत, आई." तो पुन्हा हसला, पण मायेने. "चल, मॅच संपली की करतो फोन."

आता एवढी उठाठेव तिला कशासाठी हवी होती, ते सांगायला हवं. फुटबॉलचं वेड तिचं नव्हतंच. ते गुरुदत्तचं. भातं कापून झाली की गावच्या मोकळ्या शेतात अनवाणी खेळलेला तो माणूस. पुढे रोडपालीत फ्लॅट घेतला, गुडघे गेले, तरी टीव्हीसमोर बसला की पाय हलवायचा. पोरगा सिंगापूरला नोकरीला गेल्यावर बापलेकांचं बोलणं एवढ्या एका विषयावर येऊन ठेपलं. सामना असला की हमखास फोन. सत्यवती तेव्हा स्वयंपाकघरातून ऐकायची. तिला तेवढंही पुरायचं.

जूनमध्ये भारत हाँगकाँगमध्ये हरला, त्या संध्याकाळी प्रणित म्हणाला होता, "बाबा, मार्चमध्ये त्यांना आपल्याकडे यायचंय. शेवटची मॅच. मी येतो, दोघं बघायला जाऊ." गुरुदत्तने लगेच शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने लिहून टाकलं, प्रणित येणार. आणि जुलैत स्वतःच निघून गेला. प्रणित दिवसकार्याला चार दिवस येऊन गेला, तेव्हा मार्चबद्दल कुणी बोललं नाही. पण कागद भिंतीवरच होता.

ऑक्टोबरचे दोन सामने मग सत्यवतीनेच पाहिले आणि लिहिले. तळोज्याच्या औषध कंपनीत तिने सव्वीस वर्षं पॅकिंगला काढली होती. तिथला नियम अंगात मुरलेला. कागदावर एकही रकाना कोरा सोडायचा नाही. माल भरला तर आकडा लिहायचा, नाही भरला तर पट्टीने आडवी रेघ मारून खाली सही करायची. त्यामुळे गुरुदत्तचा कागद अर्धवट राहणं तिला सोसणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, भारत गटात जिवंत असेल तर त्या शेवटच्या सामन्याला अर्थ राहील, आणि अर्थ राहिला तर पोरगा येईल, असा तिचा साधा हिशोब होता.

शेजारची मनिषा मेथी निवडायला आली. टीव्हीवर हाँगकाँग आणि सिंगापूर धावताना बघून म्हणाली, "काकू, तुम्ही पण ना. आपल्या माणसांची मॅच तरी आहे का ही?"

"आपल्याच गटाची हाय," सत्यवती म्हणाली आणि मेथीची जुडी पुढे ओढली.

हाँगकाँगने आधी गोल केला. मग सिंगापूरने एक फेडला, आणि चारपाच मिनिटांत दुसराही केला. सामना दोन-एक असा संपला, तशी मनिषा मेथी घेऊन घरी गेली आणि प्रणितचा फोन आला. व्हिडिओवर नात रिया होती, सिंगापूरच्या संघाचा लाल टीशर्ट, गालावर लाल रंग.

"आजी, आमची टीम पोचली. आम्ही सगळे ओरडलो."

"पायलं मी. छान खेळली गं तुमची पोरं."

मग प्रणित आला. त्याचाही टीशर्ट लालच होता. ऑफिसच्या मित्रांनी आशियाई कपाची मुख्य स्पर्धा बघायला सौदीला जायचं आत्ताच ठरवलं होतं, तेच तो सांगत राहिला.

"आई, ते मार्चचं... आता कशाला ना? टीम बाहेर. बाबाही नाहीत. कुणासाठी येऊ?"

तो वाईट पोरगा नव्हता. मनात आलं ते सरळ बोलला. सत्यवतीच्या तोंडापर्यंत आलं होतं, मी हाय ना अजून. पण असं मागून घेतलेलं येणं तिला नको होतं.

"बरोबर हाय तुजं," ती म्हणाली. "जेवलास का?"

फोन ठेवला तोवर ढाक्यात भारताचा सामना सुरू होत होता. तो प्रणित बघणार नव्हता, त्याला सकाळी ऑफिस होतं. सत्यवती सोफ्यावर आपल्या नेहमीच्या कडेला बसली, मधली जागा सोडून. अकराव्या मिनिटाला बांगलादेशने गोल केला. तिला वाटलं, आता पोरं अंग चोरून खेळतील, जायचं तर कुठेच नाही. पण नाही. शेवटच्या मिनिटापर्यंत घामाने निथळत धावत होती. तिला त्यांची दया आली आणि त्यांच्यामुळे थोडी स्वतःचीही.

सामना एक-शून्यने गेला. तिने उठून पाचव्या रकान्यात आकडा लिहिला, खाली सही केली. मग ड्रॉवरमधून पट्टी काढली. मार्चचा सामना होणार होताच, त्याचा आकडाही ती लिहिणार होती. पण त्याच्या रकान्यातले 'प्रणित येणार' हे दोन शब्द आता खरे राहिले नव्हते. कंपनीत असं झालं की त्यावर रेघ मारायची, इतकं सोपं होतं ते.

तिने पट्टी शब्दांखाली धरली, पेन टेकवलं. गुरुदत्तचं अक्षर उजवीकडे कललेलं होतं, 'येणार'चा काना जरा जास्तच लांब ओढलेला. लिहिताना खूश होता तो.

तिने पेनाचं टोपण लावलं आणि पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. मग खुंटीवरून एक मऊ फडका घेतला आणि कागदावर साचलेली धूळ पुसली, त्या दोन शब्दांपाशी जरा जपून, पेन्सिल पुसट होऊ नये म्हणून.