फ्लास्कवरचा हात

मावशी अखेर थांबली.

आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. संस्थेच्या मते असं काही घडलेलं नाही, आणि संस्थेच्या मताला शिक्का असतो. आपल्या मताला फार तर स्वल्पविराम.

तर, मावशी थांबत नव्हती. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. पण जाणं वेगळं आणि थांबणं वेगळं, हे तिच्या घरी जेवलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागलं नसतं. शेवटच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी विचारलं होतं, गाठीचा एक तुकडा संशोधनासाठी ठेवला तर चालेल का. मावशी म्हणाली, "ठेवा की. मी काय शोकेसमध्ये मांडणार आहे? पुढच्या बाईच्या कामी आला तर बघा." तिनं सही केली आणि डॉक्टरांनाच विचारलं, तुम्ही जेवलात का.

त्या तुकड्यातल्या पेशी तेव्हापासून प्रयोगशाळेच्या उबदार कपाटात, चपट्या फ्लास्कच्या तळाला चिकटून, गुलाबी पोषणद्रव पीत दुणावत होत्या. त्यांच्यावर औषधं तपासायचं काम योगायोगानं, किंवा मावशीनं वरून वशिला लावल्यानं, तिच्याच भाच्याकडे आलं. त्याला सगळे भाचाच म्हणत. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. आता ओळखपत्रावरचं नाव वाचून हा कोण म्हणून तोसुद्धा क्षणभर थबकायचा.

भाच्याला आईवडील होते, पण वाढवलं त्याला मावशीनं, तेही मुख्यतः जेवू घालून. तिच्या हातात डाव आला की 'पुरे' हा शब्द तिला ऐकू येत नसे. उपाय एकच: ताटावर पंजा पसरून ठेवायचा. मग ती थांबायची. तेही पुरतं नाहीच. करंगळी आणि अनामिकेच्या फटीतून एक चमचा टाकायचीच. "हा मोजायचा नाही," म्हणायची.

अशा बाईच्या पेशी. चाळीस रसायनं त्यांनी एकामागून एक पचवली. ज्या रसायनानं शेजारच्या फ्लास्कमधल्या उंदराच्या पेशी दुपारपर्यंत विरघळल्या, त्यावर मावशीनं बाळसं धरलं.

"तुझी मावशी औषध तोंडी लावायला घेते रे," चष्मिस म्हणाली. ही शेजारच्या टेबलावरची सहकारी. सूक्ष्मदर्शकात बघताना चष्मा कपाळावर चढवायची आणि मग तो दिवसभर शोधायची.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना मात्र एक्केचाळीस नंबरकडून आशा होती. झाडाच्या सालीवरच्या बुरशीतून काढलेलं ते पिवळसर रसायन, त्याला ओल्या चपलांचा वास. "अरे, पेशीत 'आता बस' असं सांगणारी जनुकं असतात," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या मावशीतलं त्यातलं एक तुटलेलं नाही, चांगलं धडधाकट आहे. फक्त त्याच्यावर बारीक रासायनिक खुणा चिकटल्यात, म्हणून पेशी ते वाचतच नाही. तोंडाला कुलूप लावल्यासारखं. एक्केचाळीस ते कुलूप काढतं."

"नक्की?"

"कागदावर तरी."

पहिल्या खेपेला भाच्यानं फ्लास्कमध्ये एक्केचाळीस सोडलं. चष्मिस पोषणद्रवाची नळी घेऊन आली. "अजून थोडं घालू?" नळी कलली आणि भाच्याचा पंजा आपसूक फ्लास्कवर पसरला.

"पुरे," तो म्हणाला.

"हात काढ. ताट आहे का ते?"

दुसऱ्या दिवशी तो फ्लास्क थांबलेला होता. पेशी मेल्या नव्हत्या. लग्नघरात जेवणं उरकल्यावर बायका भिंतीला टेकून बसतात तशा पसरून, निवांत. आणि कुलूप लागलेलं जनुक भलतंच बोलकं झालं होतं. मॅडमनी सगळ्यांना चहा सांगितला. सगळे मनात बक्षीस समारंभाचे कपडे ठरवू लागले.

मग चष्मिसनं तोच प्रयोग केला. कुलूप निघालं, जनुक बोलायला लागलं, आणि पेशी खुशाल दुणावत राहिल्या. भाच्यानं हात न ठेवता करून पाहिला: दुणावल्या. हात ठेवून केला: थांबल्या. एक्केचाळीसशिवाय नुसता हात ठेवला, तर मावशी त्या दिवशी जरा जास्तच फोफावली, बहुतेक रागानं. शेवटी चष्मिसनं एक्केचाळीस घालून स्वतःचा पंजा ठेवला. काही नाही.

"माझा हात काय उष्टा आहे?" ती म्हणाली. मग विचार करून म्हणाली, "म्हणजे बघ, कुलूप औषधानं निघतं, पण 'आता बस' म्हणायला घरचं माणूस लागतं."

हा विनोद होता. दोघंही हसले नाहीत. चष्मिसनं आपली खुर्ची उबदार कपाटापासून थोडी लांब सरकवली.

लांब सरकवायला आणखीही एक कारण होतं. मावशीचा फ्लास्क फळीच्या मागच्या बाजूला ठेवला, तरी सकाळी तो पुढच्या कडेवर यायचा, तोंड दाराकडे करून. शेजारचे फ्लास्क जिथल्या तिथे. मॅडम म्हणाल्या, पंख्याच्या कंपनांनी सरकत असेल. शाळेतून यायला उशीर झाला की मावशी दारात उभी असायची, ते भाच्याला आठवलं. तेव्हाही पंखा चालू असायचा, पण तिला कुणी कंपनं म्हटलं नव्हतं.

अशात गोठवणीच्या पेटीनं एका सुट्टीच्या दिवशी मान टाकली. मावशीच्या साठवलेल्या पेशी वितळून गेल्या. चाचण्यांत बाकीचे फ्लास्क खर्ची पडलेच होते. उरला एक.

"शुक्रवारी समिती येतेय," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्यासमोर पेशी थांबल्या, तर एक्केचाळीस पुढे जाईल. नाही थांबल्या, तर कपाटबंद. आणि फ्लास्क हा एवढाच."

"थांबल्या तर मावशी संपली."

"अरे, मावशी तीन वर्षांपूर्वीच…" मॅडम मध्येच थांबल्या. कपाटाकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "ती ऐकते का रे?"

गुरुवारी दुपारी भाचा डबा न उघडता कपाटापुढे बसून राहिला. काचेच्या दारातून फ्लास्क दिसत होता, कडेवर आलेला. गुलाबी द्रव पिवळा पडला होता. भूक लागली की तो तसा होतो. हात नाही ठेवला तर मावशी राहील, आणि औषध जाईल. ठेवला तर औषध राहील. पुढची बाई कोण, ते काही त्याला माहीत नव्हतं. मावशीलाही माहीत नव्हतं, म्हणून काही तिनं सही अडवली नव्हती. त्यानं मावशीला पोटभर ताजा द्रव दिला आणि मग स्वतःचा डबा खाल्ला.

शुक्रवारी समितीची तीन माणसं आली. मॅडमनी एक्केचाळीस सोडलं. भाच्यानं हातमोजा काढला.

"हा हात कार्यपद्धतीत आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो," मॅडम डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाल्या. "सहावी पायरी."

भाच्यानं फ्लास्कवर पंजा पसरला. प्लास्टिक कोमट होतं. मग कोमटपेक्षा जास्त झालं, खालून कुणीतरी हात लावावा तसं.

"पुरे, मावशी," तो म्हणाला. "पोट भरलं."

हाताला मुंग्या येईपर्यंत त्यानं तो उचलला नाही. समितीतल्या एकानं घड्याळ बघितलं, दुसऱ्यानं छत.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर कपाट उघडलं तेव्हा फ्लास्क फळीच्या मागच्या बाजूला होता, काल ठेवला तिथेच. दाराकडे आला नव्हता. सूक्ष्मदर्शकाची गरज उरली नाही, भाच्याला कळलं. तरी त्यानं फ्लास्क उजेडासमोर धरला. तळावर पेशींचा धूसर थर होता आणि मधोमध पाच बोटांची स्वच्छ, मोकळी जागा. पेशी पंजाखालून मागे सरून कडेकडेनं थांबल्या होत्या.

अध्यक्षांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "सगळ्या थांबल्यात," ते म्हणाले. मग म्हणाले, "एक नाही."

भाच्यानं बघितलं. करंगळी आणि अनामिकेच्या फटीत एकच पेशी. गोल झालेली, दोन होण्याच्या बेतात.

एक पेशी दुणावते आहे म्हणजे वाढ थांबलेली नाही, असं समितीनं ठरवलं. शिवाय हात उकळून निर्जंतुक करता येत नसल्यानं तो उपकरण मानता येत नाही. निष्कर्ष: थांबण्याची घटना घडली नाही. एक्केचाळीस कपाटबंद. फ्लास्क सोमवारी जंतुनाशकात बुडवावा.

"एवढा एक चमचा नसता टाकला तर काय बिघडलं असतं तिचं," चष्मिस म्हणाली, आणि डोळे पुसायला चष्मा शोधू लागली.

भाच्यानं त्याच दिवशी अर्ज दिला. तो असा:

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर फ्लास्क नष्ट न करता उबदार कपाटात मागील बाजूस कायमस्वरूपी ठेवण्यात यावा. अनामिका व करंगळी यांमधील पेशी हे विभाजन नसून आग्रह असल्याने ती मोजणीतून वगळण्यात यावी. आणि एक्केचाळीस क्रमांकाच्या रसायनाच्या यापुढील प्रत्येक चाचणीसाठी, ज्या बाईच्या पेशी असतील तिच्या हातचे जेवलेले एक माणूस, संस्थेच्या खर्चाने, हातासह उपलब्ध करून देण्यात यावे.