मो फ्रोमचे हिरवे खडे

भिक्षू भिक्षा घेऊन विहारात परतले, तेव्हा मंडपात अर्धं गाव जमलं होतं आणि एकमेकांचं शौच बघत होतं.

शौच हा शब्द मो फ्रोमला चालत नसे. तो त्याला ‘मुक्ती’ म्हणायचा. प्रत्येकाने आपापली मुक्ती काचेच्या बरणीत पाणी घालून आणायची, बरण्या चटईवर ओळीने मांडायच्या, आणि मग पांढऱ्या कपड्यातला मो फ्रोम हातात बांबूची काडी घेऊन, कर्ण्यावरून एकेका बरणीचं निरूपण करायचा. बरण्यांमध्ये हिरवे, बुळबुळीत खडे तरंगत असत. काही वाटाण्याएवढे, काही सुपारीएवढे. ज्याचा खडा मोठा त्याची मान ताठ. वास येत होता, पण उदबत्त्या भरपूर होत्या आणि श्रद्धा त्याहून भरपूर होती.

“ताओ मावशी, ही बघा, ही किड्याची कोठी!” मो फ्रोमने काडी बुडवली. “आणि हे? हे त्याच्या बायकोचं माजघर!”

“म्हणजे पोरंबाळंही असतील की हो आत,” ताओ मावशी कौतुकाने म्हणाल्या. त्यांचे डोळे हळदीत बुडवल्यासारखे पिवळे होते. चार माणसांनी त्यांना धरून आणलं होतं आणि त्या आपण बऱ्या झाल्याचं सांगत होत्या.

“दगड पाण्यात बुडतो की नाही?” मो फ्रोम गरजला.

“बुडतो!” गाव ओरडलं.

“मग हे का तरंगतात? कारण यातलं पाप गळालंय!”

लोकांनी हात जोडले. मंडपाच्या कडेला बापाशेजारी उभ्या असलेल्या पिकुनने जोडले नाहीत.

पिकुन बँकॉकात कपड्यांच्या दुकानात कामाला होती. गावात पोट तपासायची गाडी आली, तेव्हा ती नेमकी सुट्टीवर घरी आली होती. बापाला पोटावर थंडगार मलम फासून त्या यंत्राखाली एकट्याने झोपायची लाज वाटत होती, म्हणून आधी ती झोपली. तिचं पोट स्वच्छ निघालं. बापाचं, खामपुनचं, निघालं नाही. पुढे शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर अरुणींनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की पित्तनळीत गाठ आहे, कर्करोगाची आहे. कच्च्या माशातून जाणारा बारीक कृमी यकृताच्या नळ्यांत वर्षानुवर्षं बिऱ्हाड करतो आणि शेवटी हे असं होतं. “पण काका, तुमची गाठ अजून काढता येण्यासारखी आहे,” त्या म्हणाल्या होत्या. “माझ्याकडे येणारे बहुतेक लोक हे ऐकायला मिळण्याच्या पलीकडे गेलेले असतात. उशीर करू नका.”

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. त्या दिवसापासून पिकुन बापाची खाज सुटलेली पाठ ओल्या फडक्याने पुसत होती, त्याला चार घास भरवत होती, तो रागावला की ऐकून घेत होती. आणि तेवढ्यात गावात मो फ्रोमची गाडी शिरली.

आमच्याकडे एक मोठी सोय आहे. डॉक्टरला ‘मो’ म्हणतात. भूत उतरवणाऱ्यालाही ‘मो’ म्हणतात. मालिश करणारा मो, पत्रिका बघणारा मो, जत्रेत गाणारासुद्धा मोच. मो फ्रोम आधी एका गाण्याच्या फडात नावं पुकारायचा. गळा बसला तेव्हा फड सुटला, ‘मो’ तेवढा उरला.

“एक मो म्हणतो काप, दुसरा मो म्हणतो पी,” खामपुन म्हणाला होता. “कापण्यापेक्षा पिणं बरं. पिण्यात माझा हात बसलेला आहे.”

“बाबा, ते दोन मो एक नाहीत.”

“लोखंड लागलं की गाठ चवताळते. कापलेला माणूस लवकर जातो, सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“जे कापून घ्यायलाच उशिरा गेले, ते लवकर गेले. वेळेवर गेलेलं कोण बघितलंय तुम्ही?”

“तू बँकॉकात राहून वकील झालीस,” असं म्हणून त्याने कूस बदलली होती.

मो फ्रोमचा उपचार सोपा होता. दिवसभर उपास. संध्याकाळी कडू मिठाचं पाणी. मग त्याने मंतरलेली बाटली एका दमात. त्यानंतर जे व्हायचं ते परसाकडे व्हायचं. असे तीन ‘धुवे’, आणि तोवर दवाखान्याची पायरी चढायची नाही. सगळ्यात भारी होतं ते त्याचं शास्त्र. “कोई प्लात मासा कशाने शिजतो?” तो विचारायचा. बारीक चिरलेला कच्चा मासा, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड आणि वरून भरपूर लिंबू, ही कोई प्ला म्हणजे आमचा जीव की प्राण. मासा लिंबात पांढरा पडला की आम्ही ‘शिजला’ म्हणतो. “लिंबाने! तसाच पोटातला किडाही माझ्या लिंबाने शिजणार!” चूल न पेटवता स्वयंपाक झाला असं मानणाऱ्या गावाला हे पटणार नाही तर काय?

पहिल्या धुव्यानंतर खामपुन दिवसभर उठू शकला नाही. पण बरणीत खडे बघून तो इतका खूश झाला, की पिकुनला त्याच्यापाशी रडायचीही सोय उरली नाही. बरणी तिनेच धुतली होती, खडे तिनेच वेचले होते. एक खडा पायरीवर पडून राहिला. दुपारी ती बघते तर खडा नाही. पायरीवर तेलाचा डाग. बोट लावलं तर साबणासारखं घसरलं.

तिने डॉक्टर अरुणींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक सुस्कारा टाकला आणि बाटलीत काय असणार आणि खडे कसे होणार, ते सांगितलं. “पण तू सांगून ते ऐकायचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “मी सांगूनही ऐकले नाहीत.”

पिकुनने बापाच्या दुसऱ्या बाटलीचं झाकण उघडलं. हुंगलं. मग दिवसभर उपास केला, कडू पाणी प्यायली आणि डोळे मिटून ती बाटली स्वतः रिकामी केली. त्यानंतरचं वर्णन कुणी मागू नये. बापाला तिने त्यातला थेंबही दिला नाही, भाताची पेज दिली आणि म्हणाली, “मो म्हणतात, आज तुम्ही नुसतं झोपायचं. बरणी मी आणते.” आयुष्यात ती बापाशी पहिल्यांदा खोटं बोलली, आणि तेही अशा पदार्थाविषयी.

आता ती बरणी ओळीत शेवटी होती.

“आणि हे आले आपले खामपुन!” मो फ्रोमने काडी बुडवली आणि थक्क झाल्याचं सोंग केलं. “आईगं! चाळीस वर्षांची कोई प्ला! चाळीस वर्षांची भाताची दारू! हे असलं पुरुषाच्याच यकृतात सापडतं, बाईचं काम नव्हे. आणि हा मोठा बघा, हीच ती गाठ! दवाखानेवाले हिच्यासाठी पोट फाडणार होते!”

खामपुनने पिवळे डोळे पुसले. ताओ मावशींना थोडा मत्सर वाटला.

“नक्की हीच गाठ?” पिकुनने विचारलं.

“माझी काडी खोटं बोलत नाही, पोरी.”

“मग काडीला लाज वाटायला हवी. ही बरणी माझी आहे.”

कर्णा चालूच होता, त्यामुळे वाक्य मंडपभर, अंगणभर आणि बहुधा गावाबाहेरच्या धरणाच्या पलीकडेही गेलं.

“माझी म्हणजे माझ्या पोटातली. बाबांची बाटली काल मी प्यायले. कच्च्या माशाला मी जन्मात तोंड लावलेलं नाही, वासानेच मला उलटी होते. तपासणीच्या गाडीवाल्यांनी माझं पोट स्वच्छ म्हणून सांगितलं तेव्हा तुमच्यातले अर्धे लोक रांगेत होते. तरी बघा, बाबांपेक्षा माझे खडे मोठे.”

बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. मो फ्रोम मात्र फडात मुरलेला होता.

“ऐका हो ऐका!” त्याने कर्णा उचलला. “लेकीने बापाचं दुखणं स्वतःत ओढून घेतलं! यापेक्षा मोठा चमत्कार कोणता?”

आणि काय सांगावं, लोकांनी पुन्हा हात जोडले. पिकुनला त्या क्षणी मो फ्रोमपेक्षा गावाची जास्त किळस आली.

चहासाठी उकळत ठेवलेली पाण्याची किटली तिने उचलली. “दगड गरम पाण्यात विरघळतो का हो, प्रमुखदादा?”

गावप्रमुख पुढच्याच ओळीत होते. प्रश्न सरळ असल्यामुळे त्यांनी उत्तर देऊन टाकलं. “नाही.”

“आणि गाठ?”

“गाठ कशी विरघळेल?”

तिने बरणीत उकळतं पाणी ओतलं. खडे आधी मऊ झाले, मग पसरले, मग दिसेनासे झाले. पाण्यावर तेलाचा हिरवट तवंग आला. ती बरणी घेऊन ओळीने फिरली आणि प्रत्येकाच्या नाकाखाली धरली. प्रमुखांनी स्वतःची बरणी पुढे केली. तीही विरघळली. आणखी दोन विरघळल्या. एखाद्या जेवणावळीत वाढावं, तशी ती वाढत गेली.

“बाटलीत पेलाभर तेल आहे आणि लिंबाचा रस,” ती म्हणाली. “उपाशी पोटी एवढं तेल पोटात गेलं, की आतड्यात त्याच्या साबणासारख्या गोळ्या होतात. पित्ताने त्या हिरव्या दिसतात. कडू मीठ म्हणजे जुलाबाचं मीठ, ते सगळं बाहेर काढतं. तेल आहे म्हणून तरंगतं. पाप-बिप काही नाही. तुम्ही जे पिता तेच बरणीत भरून आणता आणि त्यालाच नमस्कार करता. पटत नसेल तर मोंनी आत्ता एक बाटली प्यावी. त्यांना कसला रोग नाही ना? मग उद्या त्यांची बरणी कोरी निघेल.”

“प्या की हो मो,” मागून कुणीतरी म्हणालं.

“माझं आज व्रत आहे,” मो फ्रोम म्हणाला.

“उपासच लागतो त्याला, छान झालं!” हशा पिकला.

पण पिकुनचं लक्ष हशाकडे नव्हतं. खामपुन मान खाली घालून बसला होता. चारचौघांत लेकीने आपल्या नावाने केलेला हा तमाशा तो माफ करणार नाही, असं तिला वाटलं. तो रागाने घरी गेला आणि दार लावून बसला, तर बरण्या विरघळवून काय साधलं? गाठ आतच राहणार होती. तिला गावाला जिंकायचं नव्हतंच, हा एक माणूस दवाखान्याच्या गाडीत बसायला हवा होता.

खामपुनने मान वर केली. “मो, एक विचारू?”

“विचारा, विचारा,” मो फ्रोम म्हणाला. त्याला निदान एक श्रद्धाळू दिसला.

“लिंबाने किडा मरतो?”

“जागच्या जागी!”

“मी मिसरूड फुटल्यापासून कोई प्ला खातोय. या गावात माझ्याइतकं लिंबू कुणी पिळत नाही, विचारा कुणालाही. प्रत्येक घासाला लिंबू.” त्याने आपल्या पिवळ्या तळव्यांकडे बघितलं. “लिंबाने मरत असता, तर हा माझ्या पोटात पोहोचला कसा?”

या वेळी कुणी हसलं नाही. जवळजवळ प्रत्येकाच्या मनात कोई प्लाची एकेक परात येऊन गेली असावी. मो फ्रोमने कर्णा बंद केला आणि काडी पुसायला घेतली.

“चल पोरी,” खामपुन म्हणाला. “आणि परत माझ्या नावाने हगू नकोस.”

डॉक्टरांनी ठरल्या दिवशी त्याचं पोट उघडलं आणि यकृताच्या तुकड्यासकट गाठ काढली. पिकुनने विचारलं, “बरे झाले का हो?” डॉक्टर अरुणी म्हणाल्या, “गाठ पूर्ण निघाली असं दिसतंय. पुन्हा होणार नाही, असं मी सांगू शकत नाही. तपासायला येत राहा.” खामपुनला हे उत्तर फार तोकडं वाटलं. मो फ्रोम असता तर छातीवर हात मारून बोलला असता. पण खरं बोलणारा वैद्य आपल्याला किती माहीत नाही तेही सांगतो. ज्याला सगळंच माहीत असतं, त्याच्यापासून पोट सांभाळावं.

ताओ मावशींनी तिसरा धुवा पूर्ण केला. त्यांची बरणी त्या दिवशी कुणाला विरघळवू देणं त्यांना परवडणारं नव्हतं; त्यांची गाठ काढण्याच्या पलीकडे गेली होती आणि त्यांना उरलेली आशा त्या बरणीतच होती. अशा माणसाला हसू नये. अशा माणसाला जो तेल पाजतो आणि त्याचे शेवटचे दिवस परसाकडे घालवायला लावतो, त्याच्यावर थुंकावं. दवाखान्यात त्यांना निदान वेदना कमी करायचं औषध मिळालं असतं.

त्या गेल्या. अंत्यविधीला मंडपात फुलांची चक्रं लागली. त्यात एक मो फ्रोमचं होतं, सगळ्यात मोठं. रेशमी पट्टीवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याखाली त्याचा फोन नंबर.

तर बाबांनो, मासा चुलीवर शिजवा, लिंबू नंतर पिळा. डोळे पिवळे दिसले, अंग खाजलं, तर ज्याच्याकडे तपासायचं यंत्र आहे त्या मोकडे जा, काडी असलेल्याकडे नको. आणि कुणी पोटातून चमत्कार काढून दाखवला, तर आधी तो निरोगी माणसाच्या पोटातून निघतो का ते बघा. एवढं करायला शिक्षण लागत नाही. थोडी किळस आली तरी पुरते.

अंत्यविधीत दोन माणसं त्या चक्रासमोर उभी राहून फोनमध्ये नंबर टिपून घेत होती. एकाच्या बापाचं पोट हल्ली दुखत होतं. खामपुन टाक्यांवर हात धरून हळूहळू त्यांच्यापाशी गेला.

“घ्या, नीट उतरवून घ्या,” तो म्हणाला, आणि शवपेटीकडे बोट केलं. “आणि नावापुढे हेही लिहा, की ही बाई त्याची बरी झालेली रोगी.”