दुकानामागचा कमोड

नाक मुरडू नका, मी कमोड बोलतोय. एके काळी मीही पांढराशुभ्र होतो, दुकानाच्या काचेआड ऐटीत मांडलेला. माझ्यावर बसायची कुणाची छाती नव्हती. मग मला एका न्हाव्याने नेलं. पुढे त्याचं दुकान, मागे घर, मधे मी.

माणसं माझ्यापाशी आली की छताकडे बघतात, फोनमध्ये बघतात. खाली कुणी बघत नाही.

मालक दिवसभर उभा, त्यामुळे गुडघे दुखायचे. सहा वर्षं सकाळ-संध्याकाळ वेदनाशामक गोळी, तीही डॉक्टरांना न विचारता. "गोळी घेतली की कात्री पळते," म्हणायचा. इथेच राहणाऱ्या त्याच्या थोरल्या भावाचंही गोळ्यांचं असंच चालायचं. त्या भावाच्या लघवीला फेस यायचा. मी रोज दाखवत राहिलो. शेवटी मूत्रपिंडं निकामी होऊन भाऊ वारला. त्याचा टॉवेल कितीतरी दिवस दारामागे तसाच होता.

यंदा मालकाच्याही लघवीला फेस यायला लागला. पण दाढीचं पाणी माझ्यातच ओतायची इथली रीत. फेसाला कोण विचारतो? पाय सुजले, तर म्हणे, "उभं राहून सुजणारच." सकाळी डोळे सुजलेले, तर म्हणे, "वय झालं." जेवण जाईना, तेव्हा त्याने बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. तिथे फसला. ती चिडून त्याच्यावर डोळा ठेवू लागली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती ब्रश घेऊन आली, वाकली आणि ओरडली,

"अहो, आज दुकान बंद ना?"

"हो. का?"

"मग हा फेस कुणाच्या दाढीचा?"

"कालचा असेल."

"काल मी घासून धुतलंय. सकाळपासून इथे तुमच्याशिवाय कोण आलंय?"

जन्मभर फेसात हात घातलेला माणूस. त्याने पाणी सोडलं. फेस हलला, पण गेला नाही.

"दादाच्या वेळीही पाहिला होता गं," तो हळूच म्हणाला. "वाटलं, दाढीचं पाणी."

"चपला घाला. आणि ती गोळ्यांची पाकिटं घ्या, डॉक्टरांना दाखवायला."

रक्त, लघवी तपासली. रोजच्या गोळ्यांनी मूत्रपिंडांना इजा झालीय, पण वेळ गेलेली नाही. डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद केल्या. आता मालक उंच स्टुलावर बसून केस कापतो. गिऱ्हाईकं म्हणतात, "साहेब झालात की!" तो गुडघा चोळत हसतो.

मला आता तडा गेलाय, नवा येणार आहे. जाता जाता एवढंच सांगतो, उठल्यावर एकदा वळून बघत जा. फेस रोजच दिसला, तर डॉक्टर गाठा. मला लाजू नका. मी तुम्हाला कधी लाजलोय?