मऊ कंद

कानापाशी कळ यायची म्हणून गावातल्या दात काढणाऱ्यानं माझ्या वहिनीच्या, ओर्फेलिंदाच्या, दोन धडधाकट दाढा उपटल्या. कळ तशीच राहिली. मग मीच तिला होडीनं शहरात नेलं.

"दुखणं जबड्याच्या सांध्याचं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शेक द्या, महिनाभर मऊच खा."

पुढच्याच आठवड्यात सारा गाव भावाच्या घराचं छप्पर घालायला येणार होता. मासातो पाजल्याशिवाय कोण येतो? त्यासाठी उकडलेला कंद बायकांनी चावून भांड्यात थुंकायचा, मग ती दारू आंबते.

"कंद मऊच असतो की, वहिनी," मी म्हणाले. ती दोन दिवस चावत बसली. तिसऱ्या दिवशी तिचं तोंड बोटभरही उघडेना. पुन्हा होडीनं शहर गाठलं.

"मऊ खा म्हटलं होतं ना?" डॉक्टरबाई चिडल्या.

"खाल्लं कुठं, बाई? सगळं थुंकलं तिनं."

"अहो, चावणंच बंद करायचं होतं."

आम्ही परतलो तेव्हा छप्पर घालून झालं होतं.

"मासातो झकास झाली होती," भाऊ वहिनीला म्हणाला. "पुढच्या महिन्यात रान साफ करायला माणसं बोलावलीत. तोवर बरी होशील ना?"

वहिनीचं तोंड उघडत नव्हतं. माझं उघडत होतं, तरी मी गप्प बसले.