चाकामागचा नंबर

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो, आणि सध्या केजच्या रस्त्यावर चालते आहे. हे आधीच सांगते, कारण मधली चार वर्षं मी मांजरसुंब्याच्या भंगारवाड्यात काढली, आणि तिथून स्वतःच्या चाकांवर बाहेर पडलेली दुसरी गाडी मी तरी पाहिली नाही.

कारखान्यात मी तयार झाले तेव्हा एका कामगाराने पुढच्या उजव्या चाकामागे, माझ्या सांगाड्याच्या लोखंडी पट्टीवर, एक लांबलचक नंबर ठोकून उमटवला. काच फुटली तर नवी बसते, इंजिनही बदलता येते. हा नंबर मात्र मरेपर्यंत तोच. मला तेव्हा त्याचं काही विशेष वाटलं नाही. ठोकताना कान किटले, एवढंच आठवतं.

परळीचे भांड्यांचे व्यापारी धोंडप्पा यांनी मला घेतलं. घागरी, पातेली, डबे भरून आम्ही आठवडी बाजार करायचो. माझ्या आवाजापेक्षा भांड्यांचाच आवाज मोठा. परळीच्या वीज केंद्राची राख रोज टपावर बसायची आणि धोंडप्पांच्या पत्नी, बसम्मा, रोज सकाळी ओल्या फडक्याने ती पुसायच्या. पुसताना माझ्याशी बोलायच्याही. मी उत्तर देत नसे, पण ऐकायला बरं वाटायचं.

पहिल्या खंडेनवमीला त्यांनी पूजेचं ताट आणलं. तेव्हा धोंडप्पांनी त्यांना चाकामागचा नंबर दाखवला आणि म्हणाले, "हे गाडीचं नाव हाय." बसम्मांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग पूजा नावाचीच कराय पायजे की!" झालं! तेव्हापासून दर खंडेनवमीला नंबरावर तेलात कालवलेलं हळदकुंकू आणि वरून भस्म. सतरा वर्षं हा नेम चुकला नाही. गाडी धुताना तिथं कुणी पाण्याचा हात लावला की त्या ओरडायच्या.

पुढे धोंडप्पा थकले. त्यांनी मला हरिबा नावाच्या ओळखीच्या माणसाला विकलं. "कागद करू की सावकाश, पळून चाललो का मी?" हरिबा म्हणाला. पळून तो गेला नाही, पण कागदही झाले नाहीत. दोन वर्षांनी त्याने मला बाभळीवर घातलं आणि मांजरसुंब्याच्या त्या भंगारवाड्यात, हनुमान नावाच्या मालकाकडे, नेऊन सोडलं. धोंडप्पा वारले. आरसी पुस्तकावर नाव मात्र त्यांचंच राहिलं.

भंगारवाड्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. शेजारच्या गाड्या एकेक करून कापल्या जात. कटर सुरू झाला की मी दुसरीकडे बघायचे.

तिथं शिवकन्या आली. ती विहिरीच्या मोटारी दुरुस्त करते. जळालेली मोटार एसटीत घेत नाहीत आणि शेतकऱ्याला तर पाणी आजच हवं असतं, म्हणून तिला गाडी हवी होती. तिने माझं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाली, "लई हाल केले की तुझे." पाच महिने, दर रविवारी, ती माझ्याखाली पडून राहिली. एका रविवारी इंजिन धडधडलं तेव्हा ती रडली. मीही थोडा जास्तच धूर सोडला.

हनुमान काही रडला नाही. "कागदाबिगर ही गाडी न्हाई, नुसतं लोखंड हाय. दसऱ्याच्या आत तुझ्या नावावर कर, न्हाईतर मी कटर लावतो. जागा पायजे मला."

शिवकन्या परळीला गेली. वारस म्हणून बसम्मांची संमती लागणार होती. त्यांनी एवढंच विचारलं, "जिती हाय का ती?" आणि तपासणीच्या दिवशी एसटीने त्या स्वतः बीडला आल्या. कागद नव्हते म्हणून मला दुसऱ्या गाडीमागे टोचन लावून आणलं होतं. बसम्मांनी माझा टप हाताने चाचपला आणि पदराने पुसला.

आरटीओच्या साहेबांनी चाकामागे बॅटरी मारली. नंबराच्या जागी गुळगुळीत, दगडासारखा टणक थर! इंजिनाच्या नादात शिवकन्येने तिकडे नीट पाहिलंच नव्हतं. तिला तो वाळलेला चिखल वाटला होता. साहेब उठले. "नंबर घासून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली दिसते. अशी गाडी नावावर होत नाही, बाई. चोरीचीही असू शकते."

शिवकन्येच्या तोंडचं पाणी पळालं. तिचे पाच महिने आणि माझं आयुष्य, दोन्ही त्या एका वाक्यात संपत होती.

"साहेब, ती लांबी न्हाई," बसम्मा म्हणाल्या. "ते माझं हळदकुंकू हाय."

त्या खाली बसल्या. डिझेलचा बोळा मागितला आणि नखांनी खरवडू लागल्या. करडा थर, लाल थर, पिवळा थर, पुन्हा करडा. एकेक खंडेनवमी खाली पडत होती. "हे काय करून बसले गं मी," असं त्या पुटपुटत होत्या. माझा पत्रा ठिकठिकाणी गंजून गेला आहे, पण त्या तेलकट थराखाली गंजाचा ठिपकाही नव्हता. अक्षरं आणि आकडे कालच ठोकल्यासारखे निघाले.

साहेबांनी वर कागद धरून पेन्सिल घासली. ठसा उमटला. पुस्तकाशी जुळला. संमतीच्या कागदावर बसम्मांनी अंगठा उठवला. दोन्ही कागद एकाच फाईलला टाचले गेले. सही आम्हा दोघींनाही येत नाही, पण काम झालं.

मित्रांनो, गाडी विकली तर नाव लगेच बदलून द्या, आणि तिचा नंबर कुठे आहे तेवढं बघून ठेवा. माझं मागणं एवढंच.

यंदाच्या खंडेनवमीला शिवकन्या मला घेऊन परळीला गेली आणि ताट बसम्मांसमोर धरलं. त्या मागे सरकल्या. "मी कशी लावू, बाई? आता मला चालत न्हाई."

"तुमीच लावायचं," शिवकन्या म्हणाली. "गाडी तुमाला वळखती. फकस्त नंबर सोडून कुठंबी लावा."

बसम्मांनी माझ्या कपाळावर, म्हणजे बॉनेटवर, बोट टेकवलं. कुंकू जरा वाकडं लागलं आहे. ते पुसू नका.